हाजराच्या वाटणीचं पाणी

मला लिहिता येत नाही. मी बोलतोय आणि आमच्या मुरूडच्या शाळेतले मास्तर लिहून घेतायत. ते मधेमधे हसतात आणि लिहायचं राहतं. वाचताना कुठे तुटल्यासारखं वाटलं, तर समजा तिथे मास्तर हसत होते. शेवटाकडे हसले नाहीत, तेव्हा तिथलं सगळं नीट उतरलं असेल.

मी बिलाल. मचव्यांची शिडं शिवतो. पण बिलाल म्हणून विचारलंत तर गावात कोणी सांगणार नाही. ‘सांड्या’ म्हणून विचारा, पोरंसुद्धा घर दाखवतील. माझ्या हातात भरलेलं भांडं दिलं की ते सांडणारच. एका लग्नात मला वाढायला उभा केला, तर नवरदेवाच्या अंगावर कालवण. तेव्हापासून मला लग्नात फक्त जेवायला बोलावतात. माझं त्यात काही नुकसान नाही.

आम्ही सिद्दी. आमचे वाडवडील समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आले. कोणी म्हणतं शिपाई म्हणून आले, कोणी म्हणतं विकत आणले. आरशात बघितल्यावर मला वाटतं, आमच्या खापरपणज्याला वर फुकट दिला असणार. गावात सगळे आमच्याशी हसूनखेळून असतात. उरुसाला ढोल आमचाच लागतो. पण मुलगी द्यायची-घ्यायची वेळ आली, की आमचं घर कोणाला दिसत नाही. मग आमच्या सोयरिकी आमच्यातच, त्याच चार घरांत. माझी धाकटी बहीण हाजरा वसईला दिली, तीसुद्धा अम्माच्या चुलत बहिणीच्याच घरात.

आमच्या घरातल्या माणसांना एक दुखणं आहे. आम्ही त्याला नुसतं ‘कळ’ म्हणतो. हाडं आतून कोणी दळावी तशी दुखतात, डोळे पिवळे होतात, मग चार दिवसांनी उतरतं. हाजराला लहानपणापासून आहे. अम्माची सख्खी बहीण शेरबानूखाला, तिलाही होतं. ती बाळंतपणात गेली. मी लहान होतो, पण एक आठवतं. ती पाणी मागत होती आणि अम्मा देत नव्हती. बाळंतिणीला पाणी दिलं की वारं शिरतं, पोट सुटतं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. अम्मा दाराशी बसून रडत होती, पण दिलं नाही. ‘छातीवर दगड ठेवला, पण तिच्या भल्याचंच केलं,’ असं अम्मा अजून सांगते.

हाजराची आधीची दोन्ही मुलं पोटातच गेलेली. या वेळी तिला बाळंतपणाला माहेरी आणायची, असं अम्माने ठरवलं आणि आणायला मला पाठवलं. दुसरं कोणी नव्हतं म्हणून, हे तिने मला तोंडावर सांगितलं. डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. वर निरोप दिला, “ती येण्यासारखी नसली तर तिच्या सासूला, रुकय्याला सांग, माझ्या मुलीला पाण्याचा थेंब देऊ नको. नुसतं औषधापुरतं. शेरबानूच्या वेळी मी हलले नाही, तूही हलू नकोस.”

मी निरोप पाठ केला. तो सांडण्यासारखा नव्हता.

वसई बंदर

नारळ घेऊन वसईला जाणाऱ्या मचव्यात मला जागा मिळाली. वाटेतलं काही सांगत नाही. मला समुद्र लागतो. शिडं शिवणाऱ्याला समुद्र लागतो, हे मचवा हाकणाऱ्या तांडेलाने प्रत्येक बंदरात ओरडून सांगितलं, तेवढं पुरे.

वसईला ओहोटीत पोचलो. उतरताना डबा वर धरला आणि पाय घसरून मी आख्खा खाडीच्या चिखलात. उठलो तो राखाडी, पांढरट झालेला. काठावरच्या कोळणी बोटं दाखवून हसायला लागल्या. तांडेल म्हणाला, “बिलाल, असाच राहा रे. आता तुला कोणीही मुलगी देईल.” सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. लाडू मात्र वाचले. नंतर कळलं, झाकणातून खारं पाणी आत गेलं होतं.

बंदराजवळ फिरंग्यांचा मोठा जुना किल्ला आहे. आमच्या मुरूडचा पाण्यात उभा आहे, यांचा जमिनीवर. भिंती तशाच काळ्या. आत चिंचा आणि ताड वाढलेत आणि गुरं चरतात. अशा भिंतींवर आमच्यासारखी काळी माणसं पहाऱ्याला असायची म्हणतात. फिरंगी गेले, भिंती राहिल्या. त्या माणसांच्या बायका कुठे बाळंत झाल्या असतील, कोणी पाणी दिलं असेल, असं काही तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं. हे परतताना आलं.

हाजराचं घर खाडीच्या अंगाला, कुडाच्या भिंतींचं. ती दारातच बसली होती. मला बघून म्हणाली, “भाई, काय सांडलंस?”

“स्वतःलाच सांडला,” मी म्हटलं.

ती हसली, पण उठली नाही. पोट पुढे आणि बाकी सगळं आत गेलेलं. डोळे हळदीसारखे. मनगटांवर आणि बेंबीच्या वर काळे-लाल डाग. कावीळ म्हणून तापल्या सुईने डागलं होतं. माझा मेहुणा याकूब मिठाच्या गलबतावर गेलेला, महिन्याने येणार. घरात सासू, म्हणजे आमची रुकय्याखाला. मोठ्या मनाची बाई. स्वतःच्या ताटातला मासा हाजराच्या ताटात टाकणारी. तीच म्हणाली, “बिलाल, ही मचव्यात बसायची नाही रे. परवापर्यंत मिठागरात जात होती, आता कळ उठलीय. दवाखान्यात नेली होती. तिथला माणूस म्हणाला, या बायकांना दुखतं कमी आणि ओरडतात जास्त. काम चुकवायचं असतं. पुडी दिली आणि काढून दिली.”

“मी ओरडलेसुद्धा नव्हते,” हाजरा म्हणाली. “दात आवळून बसले होते. तर म्हणाला, बघा, काही होत नाहीये.”

मिठागर

हाजराच्या जागी खाडा पडला तर काम जाईल, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच गेलो. मुकादमाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मीठ ओढायचा लांब दांड्याचा फावडा दिला. थोड्याच वेळात माझा पाय बांधावरून घसरला आणि तयार मिठाच्या वाफ्यात चिखलाचे दोन मोठे पाय उमटले. मुकादमाने मला ओढायचं सोडून वाहायला लावलं. मग मी टोपल्या सांडल्या.

ते मिठागर कधी बघितलं नसेल तर सांगतो. जमीन पत्र्यासारखी सपाट. नजर जाईल तिथवर वाफे, त्यात आभाळ, आणि खालून-वरून ऊन. झाड नाही, झुडूप नाही, उभं असं काही नाही. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका तेवढ्या उभ्या. मी सारखा मडक्याकडे जायचो आणि घटाघटा पाणी प्यायचो. दुपारी बघितलं तर मडकं मी एकट्यानेच संपवत आणलेलं. बायकांपैकी कोणी हात लावला नव्हता.

पारूबाई म्हणून एक आगरी बाई होती, हाजराच्या जोडीची. तिला विचारलं, “काय गो, तुम्हाला तहान लागत नाही? उंटाच्या जातीच्या काय तुम्ही?”

ती म्हणाली, “तू पी भाऊ. तुला कळंल.”

कळलं. एवढं पाणी पोटात गेल्यावर जे व्हायचं ते झालं. आता जायचं कुठे? चहूकडे बायका. मी या बांधावरून त्या बांधावर, जिथे जावं तिथून सगळ्यांना दिसतोय. शेवटी पार खाडीच्या तोंडापर्यंत पळत गेलो. परत आलो तेव्हा बायका टोपल्या खाली ठेवून हसत होत्या.

“पुरुष असून यवढा पलाला,” पारूबाई म्हणाली. “आमी कुठं पलायचं? म्हनून सकाली घरून निगताना पानी नाय, हितं पानी नाय. दिवस बुडला की घरी जाऊन पितो.”

“आणि हाजरा?”

“तिचं पोट मोठं. तिला तर मंग पानी बगायची पन चोरी. आमी तहानेनं नुसत्या सुकतो. ती मोडून पडते. तिला काय यगलं हाय रं?”

काय वेगळं आहे, ते मला माहीत नव्हतं. मी टोपली उचलली आणि चालायला लागलो.

सांडोर

घरी आलो तर हाजरा चटईवर तळमळत होती. पारूबाईने तिच्या ओळखीचा छकडा आणला आणि म्हणाली, दवाखान्यातल्या त्या माणसाकडे नेऊ नका, चर्चच्या मागे एक डॉक्टरीणबाई आहे तिच्याकडे न्या. नेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, वसईतल्याच ख्रिस्ती घरातल्या. त्यांनी हाजराचे डोळे बघितले, नखं बघितली, डागांवरून हात फिरवला आणि एकदम रागावल्या. पण आमच्यावर नाही. मग विचारलं, “तुम्ही मूळचे कुठले?”

“मुरूडचे.”

“त्याआधी?”

“त्याआधीपण मुरूडचेच, बाई. त्याही आधीचं विचारत असाल तर आफ्रिकेचे. पण तिथलं घर मला दाखवता यायचं नाही.”

त्या हसल्या नाहीत. हाजराच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, वर दुसरी काच ठेवली आणि कडा व्हॅसलीनने बंद केल्या. मी जवळच उभा होतो, तर म्हणाल्या, “तुम्हीही बोट द्या.” सुई बघून मी आधीच खाली बसलो, म्हणून त्यांना वाकावं लागलं. “उद्या बघू,” म्हणाल्या. हाजराला तिथेच खाटेवर ठेवलं, पांघरूण घातलं, आणि दर थोड्या वेळाने पाणी पाजायला सांगितलं. बाळंत व्हायच्या आधी पाणी द्यायला खालाचं काही म्हणणं नव्हतं.

तिथे मला झोपायला जागा नव्हती, तर बाईंनी आपल्या आईकडे सांडोरला पाठवलं. हे गाव आमच्या गावासारखंच खाऱ्या वाऱ्यातलं, पण सगळं हिरवं. केळीच्या बागा, त्यातून पायवाट, भाजीचे वाफे. विहिरींवर रहाट. बैल गोल फिरतो आणि मडक्यांची माळ पाणी वर आणते, पन्हळीत ओतते, पुन्हा खाली जाते. दिवसभर. मिठागर इथून चालत जाण्यासारखं, आणि इथे केळी पाण्यात उभ्या होत्या.

बाईंची आई लाल लुगडं नेसलेली, कपाळाला कुंकू नाही, गळ्यात क्रूस. तिची बोली मला अर्धीच कळली. जेवायला बसलो तर रस्सा बघून, डुकराचा तर नसेल म्हणून, मी हात आखडला. तिने ओळखलं. “मासळी आहे, बाबा. तुमच्यासाठी वेगळं भांडं काढलंय.” तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचा आंबट रस्सा. आमच्याकडे भिरंड, म्हणजे कोकम घालतात, त्यांनी कैरी घातली होती. नंतर सुकेळी दिली, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, मधासारखी गोड. मी अम्मासाठी मागून घेतली. पाणी वाढायला उठलो तर तिच्या लुगड्यावर सांडलं. “असू दे,” म्हणाली, “आमच्याकडे पाण्याला कमी नाही.”

काचेवरचं रक्त

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला दुर्बिणीसारख्या यंत्राला डोळा लावायला सांगितलं.

“काय दिसतं?”

“काळे केस. बापरे, बाई, रक्तात केस!”

“त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागे व्हा.”

मागे झालो, तेव्हा दिसलं. बाईंनी आधी स्वतःच्या रक्ताची काच दाखवली. सगळे गोल, चांदकीसारखे. मग हाजराची. त्यात विळे होते. खरंच, गवत कापायच्या विळ्यांसारखे वाकडे, टोकदार, एकमेकांत अडकलेले.

“आफ्रिकेतल्या लोकांत हे असल्याचं पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी आज बघतेय,” बाई म्हणाल्या. “अंगातलं पाणी आटलं, थकवा आला, थंडी-ताप आला की रक्तकण असे होतात. बारीक नसांत अडकतात. तिथे रक्त पोचत नाही. ती तुमची कळ. हे कण लवकर मरतात, म्हणून डोळे पिवळे. ती कावीळ डागून जायची नाही. आणि दवाखान्यातला तो माणूस तिला दुखतं कमी म्हणाला ना? हाड मोडल्यावर दुखेल तेवढं दुखतं तिला.”

माझी काच दाखवली. त्यातही विळे होते, पण हाजराच्यापेक्षा कमी.

“तुमच्यात अर्धं आहे. आईकडून किंवा वडिलांकडून. तुम्हाला सहसा त्रास व्हायचा नाही. तिला दोघांकडूनही मिळालं. तिच्या आधीही घरात कोणी असेल.”

“एक मावशी.”

“नात्यातच लग्नं करता तुम्ही. दोन्हीकडे अर्धं-अर्धं असलं की असं मूल होऊ शकतं. जरा बाहेर बघा.”

“आम्ही तयारच आहोत, बाई,” मी म्हटलं. “बाहेरचं एक घर दाखवा, जे आमची मुलगी घेईल. मी आत्ता चिखल धुऊन, कपडे बदलून जातो.”

 बाई काचा पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, “माझं चुकलं. ते नुसतं रक्ताचं नाही.”

“औषध?”

“हे बरं करायचं औषध माझ्याकडे नाही. पाणी, ऊब, विश्रांती, खाणं. आणि बाळंतपणानंतर तर पाणी सगळ्यात जास्त. पाणी तुटलं तर ती वाचायची नाही.”

मला अम्माचा निरोप आठवला. 

बाळंतीण

कळ उतरल्यावर हाजराला घरी आणली. पुढच्याच आठवड्यात, वेळेच्या आधी, दुपारी, बाईंना बोलावण्याआधीच ती बाळंत झाली. मुलगी. मांजरीच्या पिल्लाएवढी, पण आवाज तांडेलासारखा. खाला रडली, मी रडलो. थोड्या वेळाने हाजराने डोळे उघडले आणि म्हणाली, “पाणी.”

मी तांब्या घेऊन निघालो, तर खाला दारात आडवी.

“बिलाल, तुझ्या आईचा काय निरोप होता?”

निरोप मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेला. माझं तोंडही सांडतं, ते वेगळं.

“खाला, बाई म्हणाल्या ते तू ऐकलंस ना.”

“ऐकलं. ती शिकलीय, मी मानते. पण उद्या हिच्या अंगात वारं शिरलं तर मी तुझ्या अम्माला काय तोंड दाखवू? तिने सख्ख्या बहिणीला दिलं नाही. मी सुनेला कसं देऊ? मला हिचा जीव नको झालाय असं वाटतं तुला?”

“नाही गो, खाला.”

“मग सर मागे.”

आतून हाजरा पुन्हा म्हणाली, “भाई, पाणी.” आवाज शेरबानूखालासारखा होता. मला तो आवाज माहीत आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

मी खालाच्या बाजूने घुसायला गेलो आणि जे व्हायचं तेच झालं. अर्धा तांब्या खालाच्या डोक्यावरून खाली. ती ओली चिंब, तोंड उघडं. मी थिजलो. आत खाटेवरून हाजरा हसली. हसताना तिला कळ आली, तोंड वाकडं झालं, तरी हसत होती. “भाई आला,” म्हणाली.

खालाने पदराने तोंड पुसलं. हाजराकडे बघितलं, तिच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं. मग माझ्या हातातला तांब्या हिसकावला. “तुझ्या हाताने तिच्यापर्यंत काय पोचणार आहे,” म्हणाली, आणि स्वतः हाजराचं डोकं मांडीवर घेऊन उरलेलं पाणी पाजलं.  मी विहिरीवर पुन्हा गेलो. पुन्हा पुन्हा गेलो.

ताप चढला, कळ आली. बाई रोज येत होत्या, एकदा तर त्यांनी आमच्याकडे बघायचं टाळलं. पण हाजरा तरली. बाळाच्या रक्ताचं आत्ता सांगता येत नाही, मोठी झाल्यावर बघू, असं बाई म्हणाल्या. त्यामुळे आनंद करायचा की नाही, ते कोणाला ठरवता येईना. मग मीच केला. खारट लाडू वाटले. सगळ्यांनी तोंड वाकडं करून खाल्ले.

निघायच्या आधी सांडोरहून नारळाच्या झावळ्या आणल्या, झापं विणली आणि मिठागराच्या बांधाआड चार बांबूंवर आडोसा उभा केला. शिडं शिवणाऱ्याला तेवढं येतं. मुकादम म्हणाला, इथे महाल कसला बांधतोस? पारूबाई म्हणाली, “आमचा संडास हाय. तुमच्या बायकोला पन धाडा.” मग तिने सगळ्यांसमोर मडकं उचललं आणि उभ्या उभ्या पाणी प्यायली. बायका बघत होत्या. त्यानंतर दुसरी उठली.

मुरूड

मी एकटाच परतलो. अम्मा धक्क्यावर उभी होती. मचव्यातून माझ्यामागे कोणी उतरत नाही, हे बघून तिने भिंतीला हात टेकला.

“आहे,” मी आधी तेच सांगितलं. “हाजरा आहे. मुलगी झाली.”

घरी आलो. सुकेळी हातात दिली, ती तशीच धरून बसली. मग म्हणाली, “पाणी दिलं नाही ना?”

वाटेत मी सगळा समुद्रभर विचार केला होता. नाही म्हणता आलं असतं. पण आमच्या चार घरांत उद्या पुन्हा कोणी बाळंत होणार, आणि दाराशी अम्माच बसणार.

“दिलं, अम्मा. पुष्कळ दिलं. पाण्यानेच ती वाचली.” आणि मग विळ्यांचं सांगितलं, माझ्या अर्ध्याचं सांगितलं, कळ म्हणजे काय ते सांगितलं. शेरबानूखालाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

अम्माने मान वर केली.

“हाजराने मागितलं होतं?”

“हो.”

“किती वेळा?”

“देईपर्यंत.”

तिने मान हलवली. “शेरबानू मागायची थांबली होती. मला वाटलं, बरं वाटतंय.”

मी तिच्या हातातली सुकेळी काढून बाजूला ठेवली.  

अम्मा उठली. चुलीजवळचा मोठा तांब्या राखेने घासला, धुतला आणि मडक्यातल्या पाण्याने काठोकाठ भरला. माझ्या हातात दिला. “तिच्या कबरीवर ओतून ये,” म्हणाली.

कबरस्तान आमच्या घरापासून लांब आहे, टेकाडाच्या पलीकडे, खाचखळग्यांची वाट. मी दोन्ही हातांनी तांब्या धरून चाललो. वाटेत लोकांनी हाका मारल्या, अरे सांड्या, आज काय सांडायला निघालास? मी वर बघितलं नाही. शेरबानूखालाच्या कबरीपाशी पोचलो, तेव्हा पाणी काठालाच होतं.